सेन्सर खरं बोलत होता

उभा राहा. हातातला तो जुना मॅप सेन्सर टेबलावर ठेव आणि वर्गाला सांग, हा का काढलास?

स्कॅनरवर पी 0106 आला म्हणून. एवढंच ना? ‘मॅनिफोल्ड प्रेशर’ वाचलंस आणि थेट स्पेअर पार्टचं दुकान गाठलंस. नवा सेन्सर बसवलास, कोड पुसलास, गाडी देऊन मोकळा झालास. आज तीच गाडी परत आली आहे. चेकलाइट पेटलेला, आयडलिंगला आरपीएम वरखाली. आता गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवणार?

0106 म्हणजे दाबाचं रीडिंग इंजिनाच्या स्थितीशी जुळत नाही. ‘सेन्सर बदला’ असं त्यात कुठे लिहिलंय? सिग्नलचं व्होल्टेज फार खाली असेल तर 0107 येतो, फार वर असेल तर 0108. कोड वाचून पुढे तपासायचं असतं. तू तर तपासलंच नाहीस!

तो जुना सेन्सर परत लाव. चावी ऑन, इंजिन बंद. किती दाखवतोय? 95 किलोपास्कल. पुण्यात हवेचा दाब साधारण एवढाच असतो. महाबळेश्वरला हाच सेन्सर 86 च्या आसपास दाखवेल. मल्टिमीटर घे. एका वायरीला 5 व्होल्ट येतात, अर्थिंग पक्कं आहे, सिग्नलही येतोय. मग ज्याला तू भंगारात काढलंस, त्याचा गुन्हा काय?

आता इंजिन चालू कर आणि गरम होऊ दे. आयडलिंगला 30 ते 40 हवेत, दिसतायत 55. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम धरायला हवा, तो धरत नाहीये. कुठून तरी हवा आत शिरतेय. दाब वाढला की ईसीयूला वाटतं लोड आला, आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. सेन्सर खरं बोलत होता, तूच त्याला खोटं पाडलंस.

बॉनेटखाली वाक, कान दे. तो सूं सूं आवाज तुला त्या दिवशी ऐकू आला नाही? ब्रेक बूस्टरचा पाइप आहे तो. क्लॅम्पच्या मागची चीर बघ. आता चिरेच्या अलीकडे, मॅनिफोल्डच्या बाजूने पाइप दाबून धर. 55 चे 36 झाले, आवाज थांबला, इंजिन शांत झालं.

पाइप कशाचा आहे, कळतंय का? ब्रेकचा! बूस्टरला व्हॅक्यूम कमी पडला की पेडल कडक होतं. घाटात उतारावर त्या माणसानं काय केलं असतं? तू नुसते पैसे वाया घालवले नाहीस, धोका तसाच ठेवून गाडी रस्त्यावर सोडलीस.

तुझा हात चांगला आहे, म्हणूनच एवढा ओरडतोय. पाइप बदल, ब्रेक तपास, सेन्सरचे पैसे गिऱ्हाइकाला परत कर. आणि यापुढे रीडिंग वहीत लिहिल्याशिवाय एकही पार्ट काढायचा नाही. हे तुम्हा सगळ्यांनाच सांगतोय.