उसनं आणलेलं बळ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या उज्जैनची पंचक्रोशी यात्रा बाहेरगावच्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्या पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य दशमी ते अमावास्या (इथले लोक त्याला वैशाख म्हणतात), भर उन्हात ११८ किलोमीटर पायी. निघताना यात्रेकरू पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून 'बळ' मागून घेतात. महाकाळाच्या देवळात वरच्या मजल्यावर जो नागपंचमीलाच उघडतो, तो नागचंद्रेश्वर वेगळा. यात्रा पूर्ण झाली की मातीचा घोडा वाहून ते बळ देवाला परत करायचं. म्हणजे बळ उसनं आणलेलं!

गेल्या वर्षी उंडाशाच्या पडावावर आम्हा सेवेकऱ्यांची सरबताची सेवा होती. चतुर्दशी, मासिक शिवरात्रीचा माझा उपवास. सकाळपासून पोटात फक्त दोन कप चहा. दुपारी पातेलं उचलायला वाकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. एका खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईने मला धरून सावलीत बसवलं. सत्तरीच्या पुढची असेल, शंभर किलोमीटरच्या वर चालून आलेली. डोक्यावरच्या गाठोड्यात कणीक, डाळ, मीठ-मिरची. गोवऱ्यांवर बाट्या भाजत होती. मला विचारते, "बई, सबेरे से कई खायो?"

मी म्हटलं, उपवास आहे. ती हसली. म्हणाली, बळ तर देवाचं आहे, त्याला परत द्यायचंय. उपाशी राहून संपवून टाकलं तर परत काय देणार? आणि डाळीत कुस्करलेली बाटी तिने माझ्या हातावर ठेवली.

मी खाल्ली. उपवास मोडला. घरी येऊन सद्गुरूंच्या तसबिरीसमोर बसले आणि रडू आवरेना. उपवास मोडल्याचं ते रडू नव्हतं. तीस वर्षं मी अभिमानाने सांगत आले होते की मी सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर जेवते. याला मी सेवा समजत होते. तपासणीत हिमोग्लोबिन ८ निघालं. त्याआधी कुणाच्या सांगण्यावरून ताकदीच्या पावडरचा महागडा डबा आणला होता. डबा संपला, चक्कर तशीच.

भगवंतांनी गीतेच्या ६व्या अध्यायात (श्लोक १६-१७) स्पष्ट सांगितलंय की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. आहार, चालणं-फिरणं, काम, झोप सगळं बेताचं हवं. आपण बायका यातला पहिला अर्धा भाग मुलांना ऐकवतो, दुसरा स्वतःला लावत नाही. आणि हे माझ्या एकटीचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्याच लेकी-सुना.

आता कुणी म्हणेल, ताई, चांगलंचुंगलं खायला पैसा कुठून आणायचा? आमच्या घरीही पेन्शन बेताचीच आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्याच. बाकी जे केलं ते किराण्याच्या त्याच पैशांत:

१) सकाळी मूठभर फुटाणे किंवा भिजवलेले शेंगदाणे. १०० ग्रॅम फुटाण्यांत साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात.
२) आठवड्यातून तीन-चार दिवस ज्वारीची नाहीतर मक्याची भाकरी, सोबत मोड आलेली मटकी किंवा मूग.
३) रोज एक पालेभाजी, त्यावर लिंबू पिळून. लिंबामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. शेवग्याचा पाला तर शेजारच्या झाडावरचा, फुकट.
४) जेवणाला लागून चहा नाही, मध्ये तासभर जाऊ द्यायचा. चहा लोह अंगी लागू देत नाही.
५) सेव! आपण माळव्यातली माणसं पोह्यांपासून भाजीपर्यंत सगळ्यावर सेव घालतो. आता चमचाभरच. वाचलेल्या पैशांत दही येतं.
६) उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे, दही, रताळं. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळपास काहीच नसतं.
७) आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणं. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती आठवड्याची १५० मिनिटं एवढ्यात भरतात. मी नामस्मरण करत चालते, रिक्षाचे पैसेही वाचतात.

साखर, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.५ झालं. अजून वाढायचंय, पण आता पातेलं उचलताना हात थरथरत नाहीत.

भगिनींनो, देवाला आपण शिळा नैवेद्य दाखवत नाही. मग ज्या देहाने नाम घ्यायचं, सेवा करायची, त्याच्या वाट्याला रोज उरलंसुरलं का?

या महिन्याचा संकल्प छोटासा आहे. घरातल्या सगळ्यांबरोबर ताट वाढून घ्यायचं. दुपारी एकच्या आत जेवायचं आणि ग्रुपवर एकच शब्द लिहायचा, 'जेवले'. जिचा निरोप येणार नाही, तिला मी फोन करणार!

हे बळ एक दिवस परत करायचंच आहे. तोवर ते नीट सांभाळू या.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥

आपली एक सेवेकरी भगिनी, उज्जैन