एक दुर्बीण, दोन रायफली

बंदुकीशी माझा संबंध आमच्या शाखेच्या दाराशी स्टुलावर बसणाऱ्या वॉचमनच्या दुनळीपुरता. गेली अठरा वर्षं मी ती पाहतो आहे. तिच्यातून आवाज निघालेला ऐकला नाही. दसऱ्याला झेंडूचा हार घालून घेणं, एवढाच तिचा पराक्रम. तेव्हा नेमबाजीवर मी लिहावं, म्हणजे ब्रह्मचाऱ्याने पाळण्याची दोरी कशी ओढावी हे सांगण्यापैकी आहे. पण आमचे साडू अमेरिकेहून आले आणि वरणभात कालवता कालवता माझ्या डोक्यात एक प्रश्न सोडून गेले. त्याला माझा इलाज नाही.

साडू पेनसिल्व्हेनियात असतात. तिकडे हरणांच्या शिकारीचा सीझन म्हणजे आपल्याकडचे गणपती. साडवांकडे दोन रायफली आहेत. एक पॉइंट टू-टूची, हलकी, कागदावर भोकं पाडायची. दुसरी पॉइंट थ्री-नॉट-एटची, हरणासाठी. (सासूबाईंना जावई 'जंगलात फिरायला' जातात एवढंच माहीत आहे. कृपया हा अंक त्यांच्या हाती पडू देऊ नये.) रायफली दोन, पण वर बसवायची दुर्बीण एकच, आणि तीही चांगली महागडी.

"मग काढून इकडची तिकडे लावायची. त्यात काय?" मी म्हणालो. एक छत्री चार माणसांत वापरणाऱ्या घरात मी वाढलो आहे.

साडवांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मग लाटणं मागवलं, त्यावर माझ्या चष्म्याचं घर आडवं ठेवलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, दुर्बीण नेम धरत नाही. ती फक्त दाखवते. गोळी जाते नळीतून. नळी जिथे टाकते आणि दुर्बीण जिथे दाखवते, त्या दोन जागा एक कराव्या लागतात. त्याला झिरो करणं म्हणतात."

झिरो करण्याची रीत मोठी गोड आहे. शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, कागद लावायचा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची आणि तीन गोळ्या झाडायच्या. एक नव्हे, तीन. एक गोळी चुकून कुठेही जाते. तिन्ही एकाच अंगाला गेल्या तर ती चूक नाही, तो त्या बंदुकीचा स्वभाव. मग दुर्बिणीवरच्या चकत्या फिरवायच्या. बहुतेक दुर्बिणींत एका टिचकीला शंभर यार्डांवर पाव इंचाचा फरक पडतो. गोळ्या तीन इंच डावीकडे जात असतील तर बारा टिचक्या उजवीकडे. हे गणित मला चटकन समजलं. शेवटी कॉमर्सचा पदवीधर आहे.

आता हीच दुर्बीण उचलून दुसऱ्या रायफलीवर लावली की त्या बारा टिचक्या कुचकामी. ती नळी वेगळी, गोळी वेगळी, गोळी खाली येण्याचा उतार वेगळा. टू-टूची गोळी बिचारी लवकर दमते. थ्री-नॉट-एटची तेवढ्या अंतरात जेमतेम वाकते. पुन्हा कागद, पुन्हा तीन गोळ्या. साडवांनी म्हणे एक वही केली आहे आणि तिच्यात प्रत्येक रायफलीच्या टिचक्या लिहून ठेवतात. मी मनात म्हटलं, ही तर खतावणी! प्रत्येकीचं खातं वेगळं, एकीची शिल्लक दुसरीच्या नावे ओढता येत नाही. पण वहीतल्या टिचक्या लावूनही ते कागदावर तीन गोळ्या मारतातच. एका दुर्बिणीचे पैसे वाचवायला किती काडतुसं जाळली, हा हिशेब मी त्यांना विचारला नाही. पाहुण्यांना असं विचारू नये.

"आणि न मारता तसंच गेलात तर?"

साडू एकदम गंभीर झाले. "कागदाला चुकीच्या जागी लागलं तर कागद ओरडत नाही. हरणाला पोटात लागलं तर ते पळतं, झाडीत शिरतं आणि मरायला वेळ घेतं. झिरो तपासल्याशिवाय मी जनावरावर चाप ओढत नाही. समोर उभं असलं तरी नाही."

माझी झोप उडवली ती या वाक्याने. आयुष्यभर आपण छाती ठोकून सांगतो, मी सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. न्यायाची हीच आपली कल्पना. पण एकच माप म्हणजे काय? एकच काच, की एकाच ठिकाणी घट्ट बसलेल्या चकत्या? अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला, हे आपण मुलांना सांगतो. पण त्याला भीमाचं धनुष्य देऊन 'आता मार' असं द्रोणाचार्यांनी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

उलट बाजूही आहे. 'माणूस पाहून माप लावावं' म्हटलं की चकत्या फिरवायला सगळ्यांचे हात शिवशिवतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हीसुद्धा टिचक्यांचीच करामत. आमच्या हिचा भाऊ दोन तास उशिरा आला तर 'दमला असेल गं' आणि माझा आला तर 'वेळेची किंमतच नाही'. याला झिरो करणं म्हणत नाहीत. गोळी जिथे लागली तिथे नंतर वर्तुळ काढण्याचा हा प्रकार आहे. फरक मला एवढाच कळतो, की साडू टिचक्या फिरवतात त्या कागदासमोर, आधी, भोकं मोजून, हरणासमोर नव्हे.

परवा काउंटरवर हा प्रश्न चालत आला. एका व्यापाऱ्याचा चेक आणि एका निवृत्त शिक्षकांचा चेक, दोन्हींवरच्या सह्या नमुन्याशी जुळेनात. व्यापाऱ्याची सही ज्याला पैसे द्यायचे नसतात त्याच्याच चेकवर बिघडते, हे सबंध शाखेला ठाऊक आहे. गुरुजींचा नमुना होता १९८४ सालचा, वळणदार, पाटीवर कित्ता म्हणून द्यावा असा. आजची सही म्हणजे मुंग्यांची रांग. "नियम सगळ्यांना सारखा," साहेब म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. दोन्ही चेक थांबले.

मी गुरुजींना फोन करून बोलावलं आणि नवं कार्ड पुढे ठेवलं. त्यावर तीन सह्यांच्या जागा असतात. गुरुजींनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सही केली. मग दुसरी. मग तिसरी. पाच मिनिटं लागली. मागच्या रांगेतून कुणीतरी घसा खाकरला.

तिन्ही सह्या उजवीकडे खाली उतरत होत्या. 'र' तिन्हींत एकाच जागी तुटला होता. मी कार्ड साहेबांकडे नेलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि शिक्का उचलला.

"आता यावर चालेल ना पुढे?" गुरुजींनी विचारलं.

"चालेल गुरुजी. पण हात आणखी बदलला तर परत या."

"बदलणारच की," म्हणाले, आणि बँकेचं पेन स्वतःच्या खिशाला लावून निघाले. मी हाक मारली नाही. तेवढ्या टिचक्या माझ्या अधिकारात येतात.