खाऱ्या पाण्याची राखण

लोणारला विवराच्या काठावर उभा असलेला एक पाहुणा परवा सहज बोलून गेला, ‘हे गावच इथून उठवा, सरोवर आपोआप वाचेल.’ सोबतच्यांनी माना डोलावल्या. मला ते वाक्य लागले आणि अजून सलते आहे. बोलणारा माणूस वाईट नव्हता. सरोवराच्या काळजीपोटीच तो बोलत होता, आणि म्हणूनच त्याचे बोलणे मोडून काढणे मला आवश्यक वाटते.

उल्का, काळ्या पाषाणातले पावणेदोन किलोमीटरचे विवर, तळाशी खारे पाणी, काठाने देवळे, हे सगळे बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सरोवराला रामसर करारातल्या पाणथळीचा दर्जा मिळाला, हेही सगळ्यांनी वाचले आहे. प्रश्न एवढाच की समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या एवढ्याशा समुद्राची राखण कोणी करायची?

पाहुण्याच्या मते कुंपणाने. माणूस हटवा, तार ओढा, फाटकाला कुलूप लावा. यातले काही मला मान्य आहे. विवराच्या तळाशी एकेकाळी शेती होत होती, गुरे चरत होती. अभयारण्य झाले आणि वनखात्याचा पहारा बसला, तेव्हा कुठे ते थांबले. पण तार माणसाला अडवते, पाण्याला नाही. विवर म्हणजे बंद खोरे. काठाच्या आत पडलेला थेंब खाली उतरतो, त्याला बाहेर पडायला वाट नाही. तो फक्त वाफ होऊन जातो. हजारो वर्षे असेच चालले, म्हणून खार साचत गेला आणि पाणी इतके क्षारयुक्त झाले की त्यात काही सूक्ष्म जीव आणि निळे-हिरवे शेवाळच मजेत जगते. गाव मात्र वर, काठावर आहे. गावातल्या मोरीतून निघालेले पाणी उताराला लागले की कुठले फाटक त्याला थांबवणार? आणि कुंपणवाल्यांना हेही कळायला हवे की ज्या गावाला तुम्ही परके कराल, ते गाव तुमच्या सरोवराकडे पाठ फिरवेल.

माझी स्वतःची धारणा बरीच वर्षे वेगळी होती. राखण दोन प्रकारची असते असे मी मानत आलो: एक गरजेची, दुसरी अभिमानाची. अभिमानाची राखण फलक लावते, महोत्सव भरवते आणि पावसाळा आला की विसरते. गरजेची राखण रोज होते, कारण तिच्यावर पोट असते. माझा सगळा भरवसा या गरजेच्या राखणीवर होता.

त्याला आधारही होता. आपल्या स्वयंपाकघरात पापडखाराची पुडी असते. उडदाच्या पिठात चिमूटभर पडला की पापड तळणीत फुलतो. तसलाच खार लोणारच्या पाण्यात आहे. सोळाव्या शतकातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त या भागाची नोंद आहे ती साबण आणि काच बनवायला लागणाऱ्या जिनसांसाठी, आणि सोबत हेही की इथे खाऱ्या पाण्याच्या कडेलाच गोडे पाणी मिळते. उन्हाळ्यात पाणी आटले की साचलेला खार मजूर हाताने काढत, काठावर वाळवत. जुन्या नोंदींत या खारांची नावे येतात: दल्ला, पापडी, भुसकी. ज्यांनी एकाच तळ्याच्या खाराला इतकी नावे दिली, त्यांनी ते तळे किती जवळून पाहिले असेल! पाणी यंदा कुठवर आटले, खार पांढरा आला की मळकट, हे त्यांना कोणी प्रयोगशाळेतून कळवावे लागत नव्हते. अशी माणसे परत तयार झाली तर सरोवर वाचेल, असे मला मनापासून वाटायचे.

पण हा विचार पुढे नेला की अडतो. खार काढणाऱ्यांना आणि त्यावर महसूल घेणाऱ्यांना खार हवा होता. सरोवर टिकले ते ओघाने. आणि आज लोणारच्या माणसाची सरोवराकडून गरज कोणती? पाणी पिता येत नाही, शेताला देता येत नाही. एकच उपयोग उरतो, आणि तो फुकटचा आहे: सांडपाण्याला उतार. काठावरच्या गोड्या पाण्याच्या धारेवर साबण लावून केलेली आंघोळ, तिथेच धुतलेले कपडे, नालीतून खाली गेलेले पाणी, हीसुद्धा गरजच. मी जिच्यावर विसंबून होतो, तीच गरज सरोवराच्या मुळावर येते आहे.

त्यातून दुसरी अडचण. आपला जिल्हा पाण्यासाठी तरसलेला. २०१८ मध्ये ‘सुजलाम सुफलाम बुलढाणा’ म्हणत गावोगावच्या तलावांतला गाळ उपसला गेला. तलावांतली माती महामार्गाला वापरून तलाव खोल करण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ देशात नावाजला. ते काम चांगलेच होते. त्यातून आपल्या हाडीमाशी एक गोष्ट भिनली: साठलेला प्रत्येक थेंब पुण्याचा. लोणारला हे लागू पडत नाही. तिथे आत उतरणारे जादा गोडे पाणी खार पातळ करते, आणि खार पातळ झाला की त्यावर जगणारे जीव जातात. दुसऱ्या तळ्यात मासा दिसला तर आनंद व्हावा. इथे तो धोक्याचा इशारा ठरेल. अलीकडे पाणी सरोवराकाठच्या कमळजादेवीच्या देवळापर्यंत चढले, तेव्हा ‘देवीचे पाय धुतले’ म्हणून हात जोडणारा आणि भरलेले तळे पाहून सुखावणारा शेतकरी दोघेही प्रामाणिक होते.

गुलाबी पाण्याचेच पाहा. उन्हाळ्यात पाणी आटले, खार वाढला आणि खारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणलेला नमुना स्थिर ठेवला तेव्हा ते जीव खाली बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. इथे डोळ्यांवर आणि सवयीवर विसंबून चालत नाही, मोजावे लागते.

म्हणून आता मी असे म्हणतो: लोणारची राखण गरजेची होऊ शकत नाही, आणि अभिमानाची पुरत नाही. ती कर्तव्याचीच असावी लागेल, काहीही परत न देणाऱ्या पाण्यासाठी. नाली बांधायची, सांडपाणी शुद्ध करून विवराबाहेर वळवायचे, शुद्धीकरणाचे यंत्र वर्षानुवर्षे चालते ठेवायचे. पण मग याचा खर्च एकट्या लोणारकरांच्या माथी मारणे अन्याय आहे. १९७१ मध्ये कॅस्पियनच्या काठावरच्या रामसर या छोट्या गावात पाणथळींचा करार झाला, आणि त्यात पाणथळींचा शहाणा वापर करण्याचे वचन आहे. दर्जा आपण घेतला. त्याची किंमत मात्र एका तालुक्याच्या गावातल्या घरपट्टीतून निघावी, हे कुणाला पटते? राज्याने आणि केंद्राने ती दरवर्षी, न मागता द्यावी.

आणि लोणारकरांकडे माझे एकच मागणे आहे. सरोवराची पातळी, खारटपणा आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्र किती दिवस बंद होते, हे तीन आकडे नगरपरिषदेच्या दारावर, करवसुलीच्या नोटिशीशेजारी दर महिन्याला लागावेत. आकडा लागला नाही, तर त्याच नगरसेवकाला विचारावे ज्याला आपण नळाला पाणी का आले नाही म्हणून विचारतो.