पाहुण्याची तयारी

एप्रिल उजाडला की बंगळुरूतील तरुणांना हिमालयाचे वेध लागतात. आमच्या येथील मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील मुलेमुलीही त्यात आहेत. लडाखमधील मारखा नदीच्या खोऱ्यात सात-आठ दिवस पायी चालावयाचे, रात्री वाटेवरील गावांत लोकांच्या घरी मुक्काम करावयाचा आणि अखेरीस सुमारे 5,200 मीटर उंचीची कोंगमारू खिंड ओलांडावयाची, असा त्यांचा बेत असतो. दोन महिने आधीपासून तयारी चालते. पाठीवर भरलेली सॅक घेऊन इमारतीचे दहा-दहा मजले चढणे-उतरणे, रविवारची उपासना चुकू नये म्हणून शनिवारी पहाटेच नंदीच्या डोंगरावर किंवा सावनदुर्गाच्या खडकावर जाऊन येणे, आणि सामानाच्या लांबलचक याद्या. मी त्या याद्या कुतूहलाने वाचतो. त्यांत लोकरीच्या मोज्यांपासून सुक्या मेव्यापर्यंत सर्व काही असते. परंतु आपण आठवडाभर कोणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून राहणार आहोत, ही गोष्ट त्या याद्यांवरून कोणाला कळणार नाही.

शरीराची तयारी हवीच, याविषयी दुमत नसावे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर आहे, तर लेह सुमारे 3,500 मीटरवर. विमानाने गेल्यास एका दिवसाच्या आत मनुष्य अडीच हजार मीटर वर जातो. कोंगमारू खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो. नंदीचा डोंगर 1,478 मीटरचा. तो पायांना बळ देतो, पण विरळ हवेची सवय लावून देऊ शकत नाही. ती सवय तेथे जाऊन, थांबून, हळूहळू वर चढूनच होते. म्हणून 3,000 मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे या खुणांकडे दुर्लक्ष करून जो पुढे चालतो, त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू शकते किंवा मेंदूला सूज येऊ शकते. मग खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय. धट्टाकट्टा तरुण यातून सुटतो असे नाही. उलट तो घाई करतो म्हणून पुष्कळदा तोच आधी सापडतो.

आता प्रश्न असा की, ही सर्व सिद्धता आणि आपल्या प्रभूने शिष्यांना दिलेली आज्ञा यांचा मेळ कसा घालावा? लूककृत शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्यांना गावोगावी पाठवतो, तेव्हा थैली, झोळी आणि वहाणासुद्धा बरोबर घेण्यास मनाई करतो. तयारी म्हणजे अविश्वास, असा अर्थ कोणी भाविक यातून काढील. परंतु त्याच शुभवर्तमानाच्या 22 व्या अध्यायात, प्रसंग पालटल्यावर, ज्याच्याजवळ थैली असेल त्याने ती घ्यावी असे तोच प्रभू सांगतो. तेव्हा थैली असणे वा नसणे हा मुद्दा नव्हे. डोंगरात जो पुरेसे गरम कपडे न घेता जातो, तो श्रद्धावान ठरत नाही. त्याच्या श्रद्धेची किंमत यजमानाला द्यावी लागते. ऐन सातूच्या कापणीच्या दिवसांत घरधन्याला विळा टाकून घोड्यावरून त्याला खाली पोचवावे लागते.

माझ्या मते खरा भेद निराळ्या ठिकाणी आहे. आपल्या सॅकमधील काही वस्तू यजमानाचा भार हलका करण्यासाठी असतात आणि काही वस्तू यजमानाची गरजच पडू नये म्हणून असतात. दोन्हींना आपण तयारी हेच नाव देतो. पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, डायमॉक्स, स्वतःची शाल, विजेरी या पहिल्या प्रकारातल्या वस्तू. सात दिवसांच्या तयार जेवणाच्या पुड्या आणि त्यांच्या जोडीला शेव-चिवडा-लोणचे, या माझ्या दृष्टीने बहुतांशी दुसऱ्या प्रकारातल्या. पथ्य असलेल्याची गोष्ट वेगळी. पण ज्या घरात सातूचे सत्त्व, भाजीबरोबर शिजवलेले कणकेचे तुकडे आणि लोणी-मीठ घातलेला चहा पुढे येतो, तेथे आपली पुडी फोडून गरम पाणी मागणारा पाहुणा न बोलता काहीतरी बोलून जातो. पुढे वाढलेले खा, ही लूक 10 मधील आज्ञा मला झोळी न घेण्याच्या आज्ञेइतकीच कठीण वाटते. कदाचित अधिकच. झोळी एकदा घरी ठेवली की संपते. पाने तर रोज दोनदा पुढे येतात.

लडाखचे जुने घर पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. तेथे पाऊस वर्षाला अवघा शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि शेती बर्फाच्या वितळत्या पाण्यावर चालते. घरातील संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर जमिनीत एक भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडे. वर माती लोटावयाची. खाली खत तयार होते आणि ते शेतात जाते. आपण शहरातून नेलेले ओले सुगंधी कागदी रुमाल त्यात टाकले, तर ते कुजत नाहीत. ते खताबरोबर सातूच्या वाफ्यात पोचतात आणि घरची स्त्री ते एकेक वेचून काढते. आपल्या स्वच्छतेची घाण तिच्या शेतात! वाचकांनी या उदाहरणाबद्दल मला क्षमा करावी. पण नीतीचे प्रश्न पुष्कळदा अशाच ठिकाणी दडलेले असतात.

कोणी म्हणेल, आम्ही पैसे मोजतो. मग हे आतिथ्य कसले? हा तर व्यवहार. आमच्या तरुणांचा हा सर्वांत आवडता युक्तिवाद आहे आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. घरी आलेल्या माणसाकडून पैसे घेणे कोकणात काय नि मराठवाड्यात काय, अजूनही अनेक घरांत कमीपणाचे मानले जाते. परंतु लडाखमधील ही पद्धत कशी सुरू झाली, हे पाहिले पाहिजे. हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात हिमबिबट्या गोठ्यात शिरून एका रात्रीत अनेक शेळ्यामेंढ्या मारीत असे आणि संतापलेले गावकरी त्याच्या जिवावर उठत. 2002 च्या सुमारास रुंबाकसारख्या गावांत वन्यजीवरक्षक संस्थेच्या साहाय्याने प्रवाशांना घरी उतरवून घेण्याचा उपक्रम सुरू झाला. मेंढ्या गेल्या तरी घर चालावे आणि बिबट्याही जगावा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे आपण दिलेल्या पैशातून दुसऱ्या एका न बोलावलेल्या पाहुण्याचेही देणे फिटत असते.

पैसा आला की आतिथ्य मेले, असे पवित्र शास्त्रही म्हणत नाही. उलट त्याच शास्त्रभागात, घरात राहून खाण्यापिण्याची सूचना देताना, कामकऱ्याला मजुरी मिळणे योग्य आहे हे वाक्य अगदी मध्येच येऊन बसले आहे. तेथे कामकरी हा पाहुणा आहे. आज भल्या पहाटे उठून चूल पेटवणारी घरधनीण ही कामकरीण आहे. तिची मजुरी दिलीच पाहिजे, घासाघीस न करता. पण मजुरी दिल्याने पाहुणचार विकत मिळतो का? खाट, अंथरूण, दोन वेळचे जेवण यांचा दर ठरवता येतो. विस्तवाजवळची जागा परक्याला देऊन घरातील आजीने थोडे सरकून बसणे, याचा दर कोणत्याही फलकावर नसतो. ते दान आहे आणि दानाचे ऋण पैशाने फिटत नाही. पैसे दिल्यामुळे आपण पाहुणे राहिलोच नाही असे मानणे, हा या व्यवहारातील खरा दोष होय.

आणखी एक बारकावा. या घर या घर करू नका, असे प्रभू शिष्यांना बजावतो. पहिल्या घरी कोंड्याची भाकर मिळाली आणि शेजारी बरे जेवण दिसले, तरी पहिल्याच घरी राहावयाचे. लडाखच्या अनेक गावांत पाहुणे पाळीने वाटून देतात. आज या घरी, उद्या आलेले पुढच्या घरी. प्रवाशाने घर निवडावयाचे नाही. आमच्या शहरी मनाला हे खटकते. ज्या घराच्या भिंती नव्या रंगाच्या आणि खिडकी मोठी, तेथेच राहण्याची आपली इच्छा असते. परंतु निवड पाहुण्याच्या हाती गेली की गावातील गरीब घराचे दार आपोआप बंद होते. लहान गावातील ही पाळी आणि प्रभूची ती आज्ञा, दोन्ही एकाच घराचे रक्षण करतात.

दार बंद असणे म्हणजे काय, हे पंडिता रमाबाईंना ठाऊक होते. 1874 मध्ये दुष्काळात आईवडील गेल्यावर ही मराठी मुलगी भावाबरोबर देशभर पायी हिंडली. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून घेतली होती, असे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातील शेकडो मुलींना दार उघडले गेले, आणि त्याच ठिकाणी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठी बायबल सिद्ध केले. ते संपूर्ण रूपात 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

भाषांतराचा विषय निघालाच आहे, तर आमच्या मेजावरील एक अडचण सांगतो. नव्या करारातील ‘क्सेनोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ परका असा होतो. मत्तय 25 मध्ये तोच अर्थ आहे. त्याच शब्दाचा अर्थ पाहुणा असाही होतो. आणि रोमकरांस पत्राच्या अखेरीस गायस हा पौलाचा व सर्व मंडळीचा ‘क्सेनोस’ होता असे म्हटले आहे, तेथे अर्थ यजमान! मराठीत आम्हांला तीन निरनिराळे शब्द घालावे लागतात. मराठी वाचकाला त्यातून अर्थ नीट कळतो. पण परका, पाहुणा आणि यजमान ही एकाच नात्याची तीन टोके आहेत, हे मात्र आमच्या भाषांतरात निसटते. त्यावर मला आजवर तोड सापडलेली नाही.

लडाखला ही तिन्ही टोके एका माणसाच्या आयुष्यात दिसतात. मोरेव्हियन मिशनचा हाइनरिख येश्के हा जर्मन मिशनरी 1857 साली काही महिने लेहजवळच्या स्तोक गावात एका शेतकरी कुटुंबात राहिला. उद्देश एकच, भाषा शिकणे. पुढे त्याने तिबेटी-इंग्रजी कोश रचला, तो 1881 मध्ये निघाला. त्यात ग्रंथांच्या भाषेबरोबर लोकांच्या बोलींचीही नोंद आहे. तिबेटी नव्या कराराचे कामही त्यानेच मुख्यतः केले. संपूर्ण बायबल पुरे केले ते मात्र योसेब गेर्गन या लडाखी ख्रिस्ती गृहस्थाने, आणि ते 1948 मध्ये लाहोरला छापून झाले. तेव्हा येश्के जाऊन पासष्ट वर्षे झाली होती. परका आला, पाहुणा झाला, आणि शेवटी त्या भाषेच्या घरचाच माणूस यजमान म्हणून पुढे आला.

या वर्षी जाणाऱ्या मुलांच्या यादीत मी एकच भर सुचवली आहे. लडाखी भाषेत ‘जुले’ हा एकच शब्द नमस्कार, आभार आणि निरोप या तिन्हींना चालतो. म्हणून प्रवासी तेवढा शिकून थांबतात. त्याखेरीज वीस शब्द पाठ करावेत. पाणी, मीठ, सरपण, पुरे, थकलात का, आजीचे नाव काय, मी भांडी घासू का. उच्चार चुकले तरी चालतील. घरातील मुले हसतील आणि सुधारून देतील.