दारचे कुत्रे आणि नामदेवरायांचे तूप

सज्जनहो, नामदेवराय पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा रंगात आली की मंडप डोलू लागतो. पण एकदा ती कथा झाल्यावर एका माउलीने विचारले, “महाराज, देवाच्या नैवेद्याचा शिरा मी आमच्या मोत्याला घालते. गुरांचे डॉक्टर म्हणतात, घालू नका. देवाचा प्रसाद कधी बाधतो का हो?”

प्रश्न भाबडा वाटेल, पण सोपा नाही. आपल्या शिऱ्यात बेदाणे असतात. सोलापूर-पंढरपूरकडे द्राक्षबागा उदंड, बेदाणा घरोघरी. आणि द्राक्ष काय, बेदाणा काय, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. एखाद्याला काही होत नाही, तर दुसऱ्याची मूत्रपिंडे थोडक्यानेही निकामी होतात. कोणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. मग एकीकडे प्रसादाची श्रद्धा, दुसरीकडे मुक्या जीवाचा प्राण. धरायचे काय?

कोणी म्हणेल, मीराबाईला विष बाधले नाही, प्रल्हादाला अग्नीने जाळले नाही; भाव असला की वस्तूचा गुण पालटतो. ठीक. पण मीराबाईने पेला स्वतःच्या ओठी लावला. तो दुसऱ्याच्या तोंडात ओतून ‘बघू या माझी भक्ती’ असे ती म्हणाली नाही. भक्तीची कसोटी ज्याने त्याने आपल्या देहावर घ्यावी. मोत्याने कुठे माळ घातली आहे? तो तुमच्या हातावर विश्वास ठेवून खातो, एवढेच त्याला ठाऊक. म्हणून बाधणारे अन्न, देवापुढे ठेवलेले असले तरी, त्याला घालू नये. घालायचाच तर नैवेद्याच्या ताटात बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा ठेवावा आणि तो द्यावा. विठोबाला भाकरी काही नवी नाही.

आणि नामदेवरायांनी तरी काय केले? कोरडी पोळी घशात अडकेल, ही खाणाऱ्याची अडचण त्यांनी ओळखली. आपण वाटी तेवढी उचलतो, ओळखायचे विसरतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितले आहे. पात्र म्हणजे केवळ योग्यता नव्हे; मी तर म्हणतो, घेणाऱ्याच्या पोटाला काय झेपते तेही त्यात आले. दिवाळीत पोरे कुत्र्याला चॉकलेट देतात, मोठी माणसे तळणाची उरलीसुरली चकली-करंजी. चॉकलेट त्याला विषच, आणि फार तुपा-तेलाचे खाऊन स्वादुपिंड सुजते. आपली शेंगा-चटणी जिभेला कितीही गोड लागो, तिच्यातला लसूण, तसाच कांदा, कुत्र्याचे रक्त नासवतो. गंमत पाहा, चातुर्मासात आपण कांदा-लसूण वर्ज्य करतो आणि ताटातला उरलेला बाराही महिने त्याच्यापुढे टाकतो!

फटाक्यांचेही तसेच. आपल्याला ऐकूच येत नाहीत असे बारीक स्वर कुत्रा ऐकतो. मग आपल्याच कानठळ्या बसवणारा धमाका त्याला काय होत असेल? गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होत आले आहे. सिद्धरामेश्वरांचा तो सोहळा आपण डोळे भरून पाहावा. पण त्या रात्री मैदानाजवळच्या घरांनी कुत्रे आत, खिडक्या लावलेल्या खोलीत घ्यावे, सोबत कोणी बसावे. साखळीला बांधलेले घाबरले तर गळा आवळून घेते, मोकळे असले तर पळून हरवते.

थंडी आपल्याकडे बेताची. तरी पिल्लाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला पहाटेची फरशी सोसत नाही. जमिनीपासून चार बोटे उंच फळी, वर गोणपाट, जुनी सोलापुरी चादर असली तर उत्तम. ओली झाली की बदलावी. अंघोळ दुपारच्या उन्हात घालून लगेच कोरडे करावे. सांधे दुखतात म्हणून आपल्या अंगदुखीची गोळी कधीच देऊ नये. आपल्याला गुण देणारी गोळी त्याचा जीव घेते. पिसाळण्याची लस डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता टोचावी, ती घरच्या माणसांसाठीही आहे.

आता शेवटचे, जरा कडू. कार्तिकीला सारे घर पंढरपूरला जाते आणि मोत्या चार दिवस खांबाला. शेजारी टाकील काहीतरी, म्हणतात! महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन उभा, आणि धर्मराज म्हणतो, आश्रयाला आलेल्या या कुत्र्याला टाकून स्वर्ग नको. आपली वारी त्या स्वर्गाहून थोर मानली, तरी आश्रित तो आश्रितच. वारी चुकवा असे मी कशाला म्हणू? निघण्याआधी एका माणसाला नाव घेऊन सांगा, “दोन वेळा भाकरी, ताजे पाणी, संध्याकाळी फिरवणे तुमच्याकडे.” डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि त्या माणसाला पंढरीचा बुक्का आणायला विसरू नका. त्याने तुमच्या वाटचा सेवेचा भार उचललेला असतो.