शाप आणि हाय

वाचन : १ राजे १३:११–३२, मत्तय २३:१३–३९



अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी असलेले शिवमंदिर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्यातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ असून शिलाहार राजा माम्वाणी ह्याचे नाव कोरलेले आहे. तेथील कारागिरी पाहून कोणीही थक्क व्हावे. परंतु आज मला मंदिराविषयी नव्हे, तर त्याच राजवंशाच्या काळच्या एका निराळ्या प्रकारच्या शिळांविषयी सांगावयाचे आहे. त्यांस गद्धेगाळ म्हणतात. भूमीचे दान दिले म्हणजे ते कोणी मोडू नये म्हणून अशी शिळा उभारीत. तिच्यावर वरच्या अंगास चंद्रसूर्य आणि खाली गाढवाचे एक अभद्र चित्र असे. दान मोडणाऱ्याच्या आईस दिलेली ती शिवी होय. परळ येथे सापडलेल्या अपरादित्य राजाच्या १२व्या शतकातील शिळेवर तर बाकीचा लेख संस्कृतात आहे, आणि शाप तेवढा मराठीत! ज्यास धाक घालावयाचा त्यास तो कळला पाहिजे, हे लिहविणारास पक्के ठाऊक होते.

ही इशारा देण्याची एक रीत झाली. हिच्यात धाक आहे, परंतु अश्रू नाहीत.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरात ‘वो’ आणि ‘अलास’ असे दोन शब्द वारंवार येतात. हे शब्द आता फार जुने झाले; इंग्रज मनुष्य बाजारात किंवा घरात ते क्वचितच उच्चारतो. सेमिनरीत असता माझी अशी समजूत होती की, ‘अलास’ हा शोक करणाऱ्याचा उसासा आणि ‘वो’ हा रागावलेल्या संदेष्ट्याचा शाप. पुढे हिब्रूचा थोडा अभ्यास झाला, तेव्हा माझी चूक मला दिसून आली. दोहोंच्या मागे काही ठिकाणी मुळात एकच शब्द आहे, आणि त्याचा उच्चार आपल्या ‘होय’सारखा आहे. अर्थ मात्र आपल्या ‘हाय’चा! ग्रीक भाषेतही तसेच. प्रभूने शास्त्री व परूशी ह्यांस उद्देशून जो शब्द वापरला, तोच प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात जळत्या नगरीकडे पाहून रडणाऱ्यांच्या तोंडी आहे; इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘वो’ झाला, दुसऱ्या ठिकाणी ‘अलास’.

हा हिब्रू शब्द प्रेतापुढे उच्चारण्याचा होता. बेथेल येथील म्हाताऱ्या संदेष्ट्याची गोष्ट पाहा. त्याने यहूदाहून आलेल्या देवाच्या माणसास खोटे बोलून परत फिरविले, आणि त्या बिचाऱ्यास वाटेत सिंहाने मारिले. तेव्हा म्हाताऱ्याने त्याचे प्रेत आणून आपल्या स्वतःच्या कबरेत ठेविले, आणि भाऊ म्हणून त्याच्यासाठी हाय हाय केली. त्या मरणात त्याचा स्वतःचा हात होता, हे विसरू नका. आमोस व यशया ह्यांनी हाच मृताचा आक्रोश जिवंत लोकांपुढे केला. ऐकणारे दचकले असतील! आपल्या दारी कोणी आपल्याच नावाने रडू लागले, तर आपणही दचकू. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभूचे शब्द किती कठोर आहेत; त्यांतील एकही आपण सौम्य करू नये. परंतु तो अध्याय कोठे संपतो? पिलांस पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीपाशी. आमच्यातील कित्येक उपदेशक, आणि त्यांत मीही आलो, तेविसावा अध्याय वाचताना छत्तिसाव्या ओवीपाशी थांबतात.

माझ्या पहिल्या मंडळीत एक दारुडा मनुष्य होता. तरुणपणाच्या आवेशात मी एका रविवारी उपासनेत, सर्वांच्या देखत, त्याच्याकडे बोट करून ‘तुझा नाश होईल’ असे म्हटले. शब्द खोटे नव्हते. त्याची बायको खाली मान घालून बसली होती, हे मला दिसले आणि तरीही मी थांबलो नाही. तो मनुष्य उठून गेला, तो पुन्हा मंदिरात आला नाही. दोन पावसाळ्यांनंतर त्यास मूठमाती देताना मी रडलो, तेव्हा त्याची म्हातारी आई मला म्हणाली, “पाळकसाहेब, हे रडणे तेव्हा माझ्या लेकाला दिसले असते तर!”

मी तिला काही उत्तर दिले नाही.

त्याचा धाकटा भाऊ अलीकडे त्याच वाटेला लागला आहे, असे तेथील उपदेशकाने मला लिहिले आहे. येत्या गुरुवारी मी त्याच्या घरी जाऊन बसणार आहे. त्यास काय भोगावे लागेल, ते मी त्यास स्पष्ट सांगेन. म्हातारी अद्याप जिवंत आहे; तिलाही जवळ बसावयास सांगेन.