गरुडाचा घास आणि आपली दया

सज्जनहो, पंढरीस गेल्यावर सोळखांबी मंडपात आपण गरुडखांबाला मिठी मारतो. देवाचे वाहन म्हणून गरुड आपल्याला पूज्य. पण इकडे मुंबईच्या उपनगरात, पवई तलावावर, हिवाळ्यात मीनखाई घार येते. गरुडासारखीच ही शिकारी. पाण्यावर झेप घेते नि तडफडता मासा पंजात धरून नेते. काठावरचा माळकरी ते पाहून हळहळतो. भूतदया हा आपला धर्म. मग दया कोणाची करावी, माशाची की घारीची?

आम्हांस वाटते, पाप-पुण्याचा हिशेब ज्याच्या हाती निवड आहे त्यालाच लागतो. बोरिवलीच्या रानातला सर्पगरुड सापांवर जगतो. त्याला भाकरी घालून माळकरी करता येईल काय? त्याची भूक पोटापुरती. उद्यासाठी कोठार नाही की बाजार नाही. निवड आहे ती माणसाला.

तेव्हा आपल्या हाताकडे पाहू. पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. आज ते पाणी पिण्याजोगे नाही. सांडपाणी येते, त्यावर जलपर्णी माजते. वर आपण निर्माल्य सोडतो, तेही भक्तीने! ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे गुदमरतात. घारीने नेलेला मासा निदान एका जीवाचा घास झाला. आपल्या घाणीने मेलेला मासा कोणाच्याच मुखी लागत नाही. मग हिंसा कोणाची मोठी?

बरे, नुसत्या हौसेनेही जीव दुखावतात. याच तलावाकाठी सायकलमार्ग बांधावयास घेतला होता. माणसांना फिरायची सोय झाली असती खरी. पण मगरी काठावरच उन्हाला येतात, काठाच्या मातीतच अंडी घालतात. त्यांनी कुठे जावे? मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली ते काम बेकायदेशीर ठरवले आणि जागा पूर्ववत करावयास सांगितले.

जवळच राष्ट्रीय उद्यानाच्या रानात विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव आहेत. तिथे माणसाचा वावर रोखलेला आहे, आणि त्यांचे पाणी मुंबई आजही पिते. हात आवरला तर पाखराचेही भले होते नि आपलेही.

पांडुरंगापुढे आपण उभे राहतो, डोळे भरून पाहतो आणि मागच्या वारकऱ्याला जागा करून देतो. तलावावरच्या जीवांचे दर्शनही तसेच घ्यावे. लांबून पाहावे, गलका करू नये, पाव फेकू नयेत, निर्माल्य कलशात ठेवावे. घार मासा नेते तेव्हा हळहळ वाटली तर वाटू द्यावी. मन कोवळे आहे हे चांगलेच. पण ती हळहळ घरी जाताना सोबत न्यावी आणि आपल्या मोरीतून निघालेले पाणी कुठे जाते, याची एकदा चौकशी करावी. भूतदयेला तिथूनच सुरुवात होते.

राम कृष्ण हरि.